जोडीनं बघायचा भारद्वाज

नवऱ्याबरोबर सकाळी पक्षी बघायला जायचं, हे आता कुणाला सांगितलं तर कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. आमच्या वेळी चिंचवडात एखादीनं असं केलं असतं, तर बाईला बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून तिच्यावरून लिंबू उतरवलं असतं. आणि मी ते केलं! शिमग्यापासून पाडव्यापर्यंत, रोज, सासूच्या देखत, वर पुन्हा सासूच्याच हुकमानं. कसं ते सांगते. सांगते खरी, पण त्यातलं निम्मं मला तेव्हा कळत नव्हतं आणि उरलेल्या निम्म्याचा घोळ अजून डोक्यात आहे.

मी मावळातली, वडगावच्या पलीकडच्या खेड्यातली. सासर चाकणकडचं, कांदा पिकवणारं. भाऊ चार आणि रान एवढंसं, म्हणून सगळ्यात धाकटे, म्हणजे माझे मालक, चिंचवड स्टेशनावर हंगामी कामाला लागले. आमच्याकडं नवऱ्याला मालक म्हणतात, मग तो दुसऱ्याच्या खोलीत भाड्यानं का राहत असेना. दिवे पुसायचे, त्यांत तेल भरायचं, गोणी उचलायच्या, पडेल ते करायचं. त्या साली सांधेवाल्याची जागा रिकामी होणार होती. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायची तर रुळाचा सांधा बदलावा लागतो, तो बदलणारा माणूस म्हणजे सांधेवाला. नोकरी कायमची. आणि माणूस कायम झाला की त्याला स्टेशनामागं राहायला क्वार्टर.

ते क्वार्टर मी एकदा लांबून बघून आले होते. दोन खोल्या आणि एक मोरी. मोरीला दार आणि दाराला आतून कडी. तुम्हाला हसू येईल, पण माझा जीव त्या कडीत अडकला होता. चिंचवड गावातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत मी कोपऱ्यात जुनं लुगडं टांगून अंघोळ करायचे आणि लुगड्याच्या अलीकडं बसून सासूबाई मला कालच्या भाजीत मीठ जास्त कसं झालं ते सांगत असायच्या. पाणी अंगावर घ्यायचं का "व्हय आत्याबाई" म्हणायचं, हे मला एका वेळी जमायचं नाही. सासूला आम्ही आत्याबाईच म्हणायचो.

तर नोकरी पक्की होण्यात एकच पायरी राहिली होती. पुण्याला रेल्वेच्या डॉक्टरकडं तपासणी. छाती, वजन आणि नजर. नजरेची काळजी कोण करतंय? देहूरोडकडून येणारी गाडी मालकांना सगळ्या स्टेशनाच्या आधी दिसायची.

शिमगा झाला आणि एका पहाटे दारात पिंगळा आला. पिंगळा म्हणजे घुबडाच्या जातीतला तो बारका पक्षी. त्याची बोली आपल्याला कळते असं सांगत, हातात कंदील घेऊन पहाटे दारोदार भविष्य सांगणाऱ्या माणसालाही पिंगळाच म्हणतात. तो आला की आत्याबाई तव्यावरची भाकरी तव्यावर टाकून धावायच्या. त्यानं कंदील वर धरला, मालकांच्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या, आणि म्हणाला, "घरात बढती हाय, माऊली. पन आडून बसलीया. रोज सकाळच्या पारी नवराबायकोनं जोडीनं भारद्वाज बघावा. पार पाडव्यापतुर. पिंगळा बोलतोय, मी न्हाई."

भारद्वाज दिसणं शुभ, हे कुणालाही माहीत आहे. आमच्या गावी त्याला कुंभारकावळा म्हणायचे, तरी शुभच. पण जोडीनं? हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. आत्याबाईंनीही ऐकलं नसावं, कारण त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"म्या एकलीनं बघितला तर चालंल का?"

"न्हाई चालायचं, माऊली."

"मग म्या आन् लेक?"

"पिंगळा जोडी म्हनतोय."

आता पिंगळ्यासमोर त्या काय बोलणार? सूपभर बाजरी त्याच्या झोळीत घातली आणि माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मीच त्या पक्ष्याला पढवून ठेवलं होतं. मालक मान खाली घालून बसले होते. मला वाटलं, लाजले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. मी पदर पार कपाळापर्यंत ओढला आणि हातात तांब्या घेतला. मालक म्हणाले, "तांब्या कशाला?" म्हटलं, कुणी बघितलं तर वाटेल, बाई रानात चाललीय. ते म्हणाले, "आन् मी काय पाणी ओतायला चाललोय व्हय?" मला इतकं हसू फुटलं की तांब्या हातातून सुटून घरंगळला आणि शेजारचं दार उघडलं. झालं, पहिल्याच दिवशी शोभा. पाणवठ्यावर बायकांनी ठरवूनच टाकलं की मला मूल होत नाही म्हणून वैदूकडं नेतायत. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं, पण बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार.

वाट रोजची ठरलेली. गावातून घाटावर, घाटावरून नदीच्या कडेनं बाभळींतून, मग रूळ ओलांडून पिंपरीकडं. तिकडं औषधाची कंपनी उभी राहत होती, तिच्या खडीच्या आणि मातीच्या ढिगांना वळसा घालायचा, फाळणीनंतर आलेल्या सिंध्यांच्या कॅम्पाच्या टोकापर्यंत जायचं आणि माघारी फिरायचं. कॅम्पात एक म्हातारा-म्हातारी रोज फिरायला निघालेली असायची. दोघं शेजारी शेजारी चालायची! मी मालकांच्या मागं चार हातांवर. मला त्या म्हातारीचं फार नवल वाटायचं.

आणि वाटेत प्रश्न. अहो, काय ते प्रश्न! घरी हा माणूस दिवसात मोजून बोलायचा, "वाढ", "झालं", "येतो". आणि इथं मास्तरसारखा थांबून विचारायचा, "ते वडावर काय टुक टुक करतंय?"

"तांबट."

"कसल्या रंगाचा?"

"हिरवा. आन् कपाळावर लाल टिळा."

"लाल म्हंजी कसला लाल? रताळ्यासारखा का टमाट्यासारखा?"

"टमाट्यासारखा."

"कपाळावरच ना? गळ्याला न्हाई?"

"गळ्याखाली पन हाय जरासा."

मग ते त्या तांबटाकडं डोळे बारीक करून इतका वेळ बघत राहायचे की तांबटच कंटाळून उडून जायचा. राघू आले की विचारणार, चोच कसली? बुलबुल आला की विचारणार, शेपटीच्या खाली काय? आता लालबुड्या बुलबुलाला शेपटीखाली काय असतं ते त्याच्या नावातच आहे, पण नवऱ्यासमोर "बूड" कसं म्हणायचं? मी म्हणायचे, "मागं लाल हाय." ते म्हणायचे, "मागं म्हंजी कुठं?" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

खंड्या दिसला मात्र की स्वतःच ओरडायचे, "निळा! केवढा निळा!" आणि हळद्या दिसला की लहान पोरासारखे टाचा उंचावून बघायचे. "पिवळाजर्द हाय बघ." ते मला विचारायचे नाहीत. निळं-पिवळं स्वतः सांगायचं आणि लाल-हिरवं मला विचारायचं, हा काय प्रकार आहे, मला काही सुधरेना. माझी परीक्षा घेतायत का? मी चौथी पास आणि हे दुसरीतून शाळा सोडलेले, त्याचा राग आहे का? की माझ्याशी बोलायला काही सुचत नाही म्हणून आपलं हे?

चौथ्या-पाचव्या दिवशी भारद्वाज दिसला. बाभळीच्या बुडाशी, अगदी आमच्यासमोर, काळाभोर, विटकरी पंखांचा, ऐटीत चालत झुडपात शिरला. मी हात जोडले. म्हटलं, चला, दिसला, आता फिरा माघारी. मालकांनी त्याच्याकडं धड बघितलंसुद्धा नाही. "पुढं चल," म्हणाले. "कॅम्पाजवळ राघू आसतात."

"अवो, पन भारद्वाज दिसला की!"

"आईला सांगू नगंस. न्हाई दिसला म्हन."

मी जागच्या जागी उभी राहिले. ज्याच्यासाठी आलो तो दिसला, तर ते म्हणतात पुढं चल. आईला सांगू नकोस. याचा अर्थ काय होतो, तुम्हीच सांगा. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीनं काय समजायचं? मी जे समजायचं तेच समजले. यांना माझ्यासंगं हिंडायचंय! त्या दिवसापासून मी तांब्या घरी ठेवला, केसांत अबोलीचा गजरा घातला आणि चार हातांऐवजी दोन हातांवर चालायला लागले. वाटेत कुणी बघितलं तर बघू दे. घरी भाकऱ्या थापताना मी एकटीच हसायचे आणि आत्याबाई विचारायच्या, "काय झालं गं? भूतबाधा?"

मग तो पांगाऱ्याचा दिवस आला.

घाटाच्या पलीकडं एक पांगारा होता. पानं झडलेली आणि फुलांनी नुसता लालेलाल. साळुंक्या त्यावर भांडत होत्या. मी म्हटलं, "केवढा फुललाय बघा पांगारा."

"कुठला?"

समोर होता. नदीपलीकडं सुद्धा नाही, अलीकडं. मला वाटलं, चेष्टा करतायत. आता माझीही भीड चेपली होती, मी हसत म्हटलं, "डोळे फुटले का काय?"

त्यांचं तोंड एकदम उतरलं. ते घाटाच्या पायरीवर बसले. मी घाबरले, नवऱ्याला असं बोलायला नको होतं. मी काही म्हणायच्या आत त्यांनीच विचारलं, "कपाळाला काय लावलंयस?"

"कुकू."

"कसल्या रंगाचं?"

"अवो, कुकवाचा रंग काय आसतो?"

"मला ते वाळल्या शेनाच्या रंगाचं दिसतं," ते म्हणाले. "पहिल्यापास्नं. लग्नात बी तसंच दिसलं."

माझा हात आपोआप कपाळाकडं गेला. हा माणूस मला शिवी देतोय की काय, तेच समजेना. मग त्यांनी सांगितलं. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्यांना वेगळे कळतच नव्हते. लहानपणी पिकल्या मिरच्या तोडायला पाठवलं की हिरव्या-लाल सगळ्या ओरबाडून आणायचे आणि बापाचा मार खायचे. बापाला वाटायचं, पोरगं मुद्दाम करतंय. पुढं पुढं ते दुसऱ्याचं बघून बोलायला शिकले. घरात कुणालाही माहीत नव्हतं. आणि पुण्याचा डॉक्टर अंधाऱ्या खोलीत बसवून लाल, हिरवे, पिवळे दिवे दाखवतो आणि रंग विचारतो. चुकला की बाहेर. मग सांधा नाही, क्वार्टर नाही, चाकणला भावांच्या बांधावर परत.

"मग पाखरं कशाला?" मी विचारलं.

त्याचं उत्तर त्यांच्याकडं तयार होतं. शाळेत अक्षरं कुठं येत होती? गिरवून गिरवूनच आली ना? तसे रंगही गिरवायचे. कापडाचा भरवसा नाही, कुणी कसंही रंगवतं. पण राघू म्हणजे हिरवाच आणि तांबटाचा टिळा म्हणजे लालच. एकदा कुठं काय आहे ते पक्कं कळलं, की आपल्याला ते कसं दिसतं ते ध्यानात ठेवायचं. आणि कुठं काय आहे हे सांगायला दुसरे डोळे पाहिजेत. स्टेशनावर कुणाला विचारलं असतं तर दुपारच्या आत मास्तरांच्या कानावर गेलं असतं.

"आन् पिंगळा?"

"स्टेशनावरच झोपतो त्यो. त्याला च्या पाजला आन् शिकवून धाडला. न्हाईतर आईनं तुला सोडली आसती का?"

"म्हंजी मला रोज आनत व्हता ते..."

"रंगांसाठी," ते म्हणाले.

काय माणूस! जरा खोटं बोलायला काय झालं होतं? दुसरा कुणी म्हणाला असता, तुझ्यासाठी पण. याला ते सुचलंच नाही. मी केसांतला गजरा ओढून नदीत फेकला आणि चालायला लागले, त्यांच्या पुढं चालायला लागले, गावात शिरले तरी पुढंच होते. घरी मी भाकऱ्या करपवल्या, भांडी आपटली. आत्याबाई विचारतायत काय झालं, तर सांगायचं काय? की तुमच्या लेकाला माझे फक्त डोळे हवेत? एवढा राग मला त्यानंतर कधी आला नाही. आणि गंमत अशी की रागाबरोबर कीवही यायची. लाल रंग ज्याला दिसला नाही, त्याला शिमग्यात काय दिसत असेल, असलं काहीबाही डोक्यात यायचं आणि मी पुन्हा चिडायचे, यांचा विचार मी का करतेय म्हणून.

दोन दिवस मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. तिसऱ्या दिवशी लुगड्याआड अंघोळ करताना आत्याबाई म्हणाल्या, "तुझ्या माहेरची मानसं पाडव्याला येनार का न्हाई ते सांग बाई एकदा," आणि मी तोंडावरचा साबण तसाच ठेवून मनाशी म्हटलं, उद्यापासून जायचं. त्यांनी मला डोळ्यांसाठी नेलं तर नेलं. मला कडी पाहिजे.

मग मी अशी मास्तरीण झाले की विचारू नका. "बोला, ह्या बुलबुलाचं बूड कसलं?" लाज गेली कुठल्या कुठं. ते चुकले की मी म्हणायचे, "परत बघा." हळूहळू त्यांना एक खूण सापडली. लाल म्हणजे दबलेला, काळपट. हिरवा म्हणजे जरा पांढरट. रंग दिसायचा नाहीच, पण उजेड कमी-जास्त दिसायचा. त्यावरून ते ताडायचे. तांबट आला की म्हणायचे, "कपाळाची जागा दबलीय, म्हंजी लाल." बरोबर! राघूची चोच, बरोबर. पांगारा, बरोबर. ऊन चांगलं असलं की एकही चुकायचं नाही. आनंदानं ते असे हसायचे की माझा राग टिकायचा नाही. मलाही वाटायला लागलं, आलं जमत.

पण एका सकाळी वारा सुटला. कंपनीच्या बांधकामावरची माती सगळीकडं उडत होती, ऊन पिवळट पडलं होतं. आम्ही रुळांच्या कडेनं चाललो होतो. पुढं माणसं रुळाखालची खडी ठोकत होती आणि त्यांनी अलीकडं, रुळांच्या मधोमध, लाल झेंडी रोवली होती. मागं कुणाचा तरी हिरवागार मका. मी मुद्दाम काही बोलले नाही. म्हटलं, बघू.

मालक झेंडीपाशी आले, झेंडीजवळून गेले, आणि बोलत राहिले. त्यांना ती दिसलीच नव्हती.

मी हाक मारली. "काय गेलं आत्ता शेजारनं?"

"काय गेलं? पाखरू व्हतं का?"

मी बोट दाखवलं. ते वळले, बघितलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "हिरवी." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "लाल?" सांधेवाल्याला हीच झेंडी, हाच दिवा बघून गाडी सोडायची असते. त्या रुळांवरून वडगावची गाडी येते, तिच्यात माझी आई बसते, माझ्या आईसारख्या शंभर जणी बसतात.

तिथून माझी जी घालमेल सुरू झाली ती काही विचारू नका. देवळात गणपतीपुढं हात जोडून उभी राहिले तर मागणंच येईना. पास होऊ दे म्हणावं तर झेंडी डोळ्यांपुढं यायची. नापास होऊ दे म्हणावं, तर कुठली बायको नवऱ्यासाठी असलं मागणं मागते? मी नुसतीच उभी राहिले. मागची बाई म्हणाली, "सरका की पुढं." मी सरकले. त्यांना मात्र मी काही बोलले नाही आणि तेही त्या झेंडीबद्दल पुन्हा बोलले नाहीत. पक्ष्यांचे धडे चालूच होते.

मालक पुण्याला गेले आणि संध्याकाळी परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. पास झाले! अंधाऱ्या खोलीत ना धूळ होती ना वारा. दबलेला दिवा तो लाल, पांढरट तो हिरवा, सगळे बरोबर सांगितले. डॉक्टर म्हणाले, उत्तम. पाडवा झाला की सांध्यावर हजर व्हायचं. आत्याबाईंनी दारोदार साखर वाटली, पिंगळ्याच्या नावानं नारळ फोडला. क्वार्टरमध्ये चूल कुठल्या भिंतीला घालायची यावर त्या माझ्याशी वाद घालायला लागल्या. मी हसत होते, रडत होते, आणि सगळ्या म्हणत होत्या, पोर हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दारात उभे. "चल."

"आता कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. "झालं की काम."

"पाडव्यापतुर म्हनला व्हता पिंगळा."

आम्ही निघालो. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. तांबट ओरडत होता, राघूंचा थवा डोक्यावरून गेला, भारद्वाजसुद्धा घूप घूप करत होता कुठंतरी, आम्ही चालत राहिलो. रुळांपाशी आलो तेव्हा लोणावळ्याकडून गाडी येत होती. त्यांनी हात आडवा करून मला मागं सारलं. पहिल्यांदाच त्यांचा हात उघड्यावर माझ्या हाताला लागला. गाडी धडधडत गेली. खिडकीत एक बाई पोरीची वेणी घालत होती, तेवढंच मला दिसलं.

गाडी गेल्यावर ते म्हणाले, "एक इचारू?"

"इचारा."

"सांधा माझ्या हातात आसला, तर त्या गाडीत तू बसशील का?"

"न्हाई," मी म्हणाले.

विचार करून म्हणाले असं नाही. तोंडातून गेलंच. जन्मात पहिल्यांदा मी नवऱ्याला नाही म्हणत होते. आणि म्हणताक्षणीच मला कळलं की मी काय घालवलं. दोन खोल्या गेल्या, मोरी गेली. मी घाईघाईनं म्हणाले, "पन दिवसा नीट दिसतंय की... पन चांगल्या उन्हात..."

"बास," ते म्हणाले. आणि मला तिथंच सोडून स्टेशनाकडं चालायला लागले. घरी मी एकटीच आले. चिंचवडातून सकाळच्या उन्हात एकटी, हातात तांब्याही नाही.

स्टेशनमास्तर खूप ओरडले म्हणे. पास झालेला माणूस येऊन सांगतो मला दिसत नाही, म्हणजे काय? दारू प्यायलास का? मालकांनी एवढंच सांगितलं की डोळ्यांचा भरवसा नाही. जागा दुसऱ्याला गेली. ते दिवेच पुसत राहिले आणि कंपनी सुरू झाल्यावर तिथं बाटल्या धुवायला लागले. बाटल्या पांढऱ्या, पाणी पांढरं. आत्याबाईंनी पिंगळ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग त्यांचा मोर्चा माझ्याकडं वळला, हिचाच पायगुण म्हणून. तेव्हा मालक ताटावरून म्हणाले, "तिला काय बोलायचं न्हाई." आईला असं ते आधीही कधी बोलले नव्हते आणि नंतरही नाहीत.

पण माझा घोळ तसाच राहिला. नोकरी सोडायची हे त्यांनी आधीच ठरवलं होतं का? ठरवलं असेल तर मला विचारलं कशाला? आणि ठरवलं नसेल तर? माझ्या तोंडून "हो" ऐकायला म्हणून विचारलं असेल आणि मी भलतंच बोलून बसले असेन, तर त्यांच्या कायमच्या नोकरीचं वाटोळं मी केलं. विचारायचा धीर मला किती वर्षं झाला नाही. पोरं झाली, त्यांची लग्नं झाली, आत्याबाई गेल्या, मालक कंपनीतून रिटायर झाले. एकदा दुपारी मी मेथी निवडत होते आणि ते समोर पेपर घेऊन बसले होते. तेव्हा अचानक विचारून टाकलं.

"त्या दिवशी रुळापाशी मी व्हय म्हनले आसते तर?"

कुठला दिवस, असं त्यांनी विचारलं नाही. पेपर खाली ठेवला.

"तर गेलो आसतो कामावर," ते म्हणाले.

"आन् गाड्या?"

"तुला दिसत व्हतं. मला न्हाई. मग मी काय ठरवनार?"

मला इतका राग आला की हातातली मेथीची जुडी मी खाली टाकली. एकोणीस वर्षांची पोर होते मी! तोवर मला कुणी एक भाकरी खातेस का दोन, हेसुद्धा विचारलं नव्हतं. आणि या माणसानं ती अख्खी गाडी, सगळ्या बायापोरांसकट, माझ्या एका शब्दावर ठेवली होती आणि मला सांगितलंसुद्धा नव्हतं. मी घरादाराच्या लोभानं "बसेन की" म्हणाले असते तर? म्हणाले असते हो! दुसऱ्या क्षणाला तेच म्हणायला निघाले होते मी.

ते माझ्याकडं बघत होते. मग म्हणाले, "च्या टाक जरा." मी उठले आणि चहा टाकला, पण कप त्यांच्यापुढं असा आदळला की निम्मा चहा बशीत सांडला.